घरामागच्या रायवळ आंब्यावरचे पाखरू : ओळख, खाणे आणि ढोलीचा प्रश्न

प्रश्न — खळ्यातला

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याला आमचे वडिलोपार्जित घर आहे. घराच्या मागे जुना रायवळ आंबा आहे, त्यापुढे व्हाळ (ओढा) आणि व्हाळाच्या पलीकडे आमच्याच सामायिक मालकीचे थोडे रान. फेब्रुवारीत आठ दिवस तेथे होतो. पहिल्याच संध्याकाळी, दिवेलागण होऊन साधारण अर्धा तास झाला असेल, आंब्याच्या शेंड्याकडून एक मोठी सावली निघाली आणि पंख वगैरे काही न हलवता, एखादा रुमाल वाऱ्यावर सोडावा तशी सरळ खाली उतरत पलीकडच्या बेहड्याच्या बुंध्याला जाऊन चिकटली. चिकटताना ‘थप्प’ असा आवाज स्पष्ट ऐकू आला. बॅटरीचा झोत टाकला तेव्हा दोन लालसर डोळे क्षणभर चमकले आणि तो प्राणी लगेच बुंध्याच्या मागच्या बाजूला सरकला.

नंतरच्या तीन-चार संध्याकाळी हाच प्रकार जवळजवळ त्याच वेळी दिसला. आंबा पन्नासएक फूट उंच असावा. बेहड्यावर तो जेथे टेकला ती जागा जमिनीपासून पंधरा फुटांवर असेल आणि दोन्ही झाडांमध्ये माझी तीस पावले भरतात. पुतण्याच्या मते ते मोठे वटवाघूळ आहे. शेजारचे वयस्क काका मात्र शांतपणे म्हणाले, ‘‘पाखरू ता. आमच्या लहानपणापासून हा थंय.’’ त्यापलीकडे त्यांनाही फारसे सांगता आले नाही.

माझ्या शंका तीन आहेत. हा प्राणी नेमका कोणता? आमच्या माडांची कोवळी शहाळी पोखरून खाली पडत आहेत, ती याचीच करणी आहे का? आणि तिसरी शंका जरा घरगुती आहे. आंब्याला वीस-पंचवीस फुटांवर मोठी ढोली पडलेली आहे, त्यामुळे तो आतून पोकळ झाला असून पावसाळ्यात कौलांवर येईल, अशी आमच्या थोरल्या बंधूंची भीती आहे, आणि मे महिन्यात तो तोडण्याचे त्यांच्या मनात आहे. प्राणी त्याच ढोलीत राहत असेल तर आंबा गेल्यावर तो शेजारच्या झाडावर जाईल, की त्याचे काही वेगळे होईल?

उत्तर — किंजळ

काकांनी सांगितलेले नाव बरोबर आहे. पुस्तकी मराठीत याला उडणारी खार म्हणतात. आपल्या सह्याद्रीत दिसते ती मोठी उडणारी खार असून तिचे शास्त्रीय नाव पेटॉरिस्टा फिलिपेन्सिस असे आहे. या नावामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो, कारण ही खार फिलिपिन्समध्ये आढळत नाही. तिचा मुलूख भारत, श्रीलंका आणि तेथून पूर्वेकडे दक्षिण चीन, तैवानपर्यंतचा आहे. हे नाव वॉल्टर एलियट या ब्रिटिश मुलकी अधिकाऱ्याने 1839 मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या यादीत आले, आणि ती यादी ‘दक्षिण मराठा मुलखातील’ सस्तन प्राण्यांची होती, ही गोष्ट आपल्या वाचकांना गमतीची वाटेल.

वटवाघळाची शंका आपल्याच वर्णनातून मिटते. वटवाघूळ पंख मारते, हवेत उंची घेऊ शकते, आणि त्याचा पंख म्हणजे लांबलचक झालेल्या बोटांवर ताणलेले कातडे असते. पाखराला पंख नाहीत आणि ते उडतही नाही. ते तरंगत उतरते. त्याच्या पुढच्या पायाच्या मनगटापासून मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत, दोन्ही कुशींना, केसाळ कातड्याची सैल घडी असते. मनगटाजवळ बाहेरच्या बाजूला कूर्चेची एक बारीक काडी असते. एरवी ती अंगालगत मिटलेली राहते आणि झेप घेताना बाहेर ताणली जाते, त्यामुळे कातड्याचा पसारा हाताच्या लांबीपेक्षाही रुंद होतो. छत्रीच्या काडीसारखेच तिचे काम. ही काडी उडणाऱ्या खारींची खूण आहे. ऑस्ट्रेलियातल्या तरंगणाऱ्या पिशवीवाल्या प्राण्यांना ती नसते, आणि आफ्रिकेतल्या खवलेशेपटीच्या तरंगणाऱ्या कृंतकांत, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांत, अशीच काडी कोपरापासून निघते. म्हणजे एकच युक्ती निसर्गात वेगवेगळ्या कुळांनी आपापल्या परीने साधलेली आहे.

आपण दिलेली मापे उपयोगी आहेत, म्हणून त्यांचा हिशेब करून पाहिला. पाऊल अडीच फुटांचे धरले तर तीस पावले म्हणजे पंचाहत्तर फूट. उतार पन्नासवरून पंधरावर, म्हणजे पस्तीस फूट. एक फूट उंची खर्च करून दोन फुटांहून थोडे अधिक अंतर कापले, आणि उडणाऱ्या खारींच्या बाबतीत साधारण असेच प्रमाण, फार तर एकास तीनपर्यंत, पाहायला मिळते. या हिशेबावरच त्या प्राण्याची सगळी रात्र बेतलेली असते: आधी बुंध्यावरून शेंड्यापर्यंत चढायचे, तेथून सुटायचे, पुढच्या झाडाच्या खालच्या अंगाला लागायचे आणि पुन्हा चढायचे. टेकण्याच्या आधी शेपटी वर जाते, अंग उभे होते आणि सगळे कातडे वाऱ्याला आडवे धरले जाते. वेग एकदम मोडतो आणि चारही पाय एकदम सालीवर येतात. आपण ऐकलेला आवाज तो. त्यानंतर बुंध्याआड सरकणे हेही त्याच्या अंगवळणी पडलेले आहे, कारण पाठीवर एखादे मोठे घुबड असण्याची शक्यता त्याला प्रत्येक झेपेत धरावीच लागते.

आकाराने हा प्राणी आपल्या अंगणातल्या खारीच्या कल्पनेत बसत नाही. डोक्यापासून बुडापर्यंत सव्वा ते दीड फूट, तेवढीच किंवा थोडी अधिक झुपकेदार काळपट शेपटी, आणि वजन दीड-दोन किलो. वरचे अंग करड्या-तपकिरी रंगाचे, त्यात पांढऱ्या टोकांचे केस मिसळलेले, पोट फिकट. अंधारात झाडावर बसलेला असताना तो फांदीवरचा फुगवटा वाटतो.

जाता जाता एक गोष्ट. शेकरू, अंगणातली पट्टेवाली खार आणि पाखरू ही तिन्ही आपल्याला सख्खी भावंडे वाटतात, पण वंशावळीत तसे नाही. उडणाऱ्या खारींचे सर्वांत जवळचे नाते युरोप-अमेरिकेतल्या झाडखारींशी आहे. शेकरू आणि आपली पट्टेवाली खार या दोन्ही वेगळ्या शाखांवर बसतात.

उत्तर — माडाची वाडी

आमच्या गावात याला उडमांजर म्हणतात. शहाळ्यांचे नुकसान तेच करते असे आमच्याकडचे सगळे पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारे) सांगतात, त्यामुळे फार कौतुक करण्याचे कारण नाही. बागायतदाराला शहाळ्यामागे नुकसान सोसावे लागते आणि शहरात राहणाऱ्यांना मात्र प्राणी गोड दिसतात.

उत्तर — पाणंद

वरील प्रतिसादातली तक्रार खरी असली, तरी तीत दोन प्राण्यांची सरमिसळ झाल्यासारखी वाटते. शब्द उदमांजर असा आहे, ‘उड’ नव्हे. उदमांजर, ज्याला पुष्कळ ठिकाणी कांडेचोर म्हणतात, ते मांसाहारी गणातले असून फांद्यांवरून चालते, कौलांवर चढते, माळ्यावर राहते. ते तरंगत नाही. बोलण्यात ‘द’चा ‘ड’ झाला की दोघांचे गुन्हे एकाच्या नावावर चढतात.

शहाळ्यांबद्दल माझा अनुभव तीस वर्षे माड राखण्याचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पडलेले शहाळे हातात घेऊन भोक कोठे आहे ते पाहावे. देठाच्या टोपीला लागून दोन-तीन बोटे जातील असे कुरतडलेले गोल भोक असेल आणि फळ अगदी कोवळे असेल, तर बहुतेक वेळा ते उंदराचे काम असते. उंदीर माडाच्या झावळ्यांतच मुक्काम करतो आणि एका झावळीवरून दुसऱ्या माडावर जातो. माकडे शहाळी पिरगाळून तोडतात, अर्धी टाकून देतात आणि ते दिवसाढवळ्या चालते, त्यामुळे तेथे संशयाला जागा नसते. शेकरूही शहाळे पोखरते, तेही दिवसा. पाखरू कधीच माडावर जात नाही असे मी म्हणणार नाही, पण रानाला लागून असलेल्या माझ्या दोन माडांवर मी त्याला जितक्या वेळा पाहिले, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते उंबरावर पाहिलेले आहे.

पाखराच्या खाण्यात फळांपेक्षा पाला किती असतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. कोवळी पालवी, कळ्या, फुले, साल, वड-उंबराच्या जातीची फळे, हंगामात जांभूळ, फणस असे त्याचे खाणे असते. फळे कायम मिळत नाहीत, पाला मिळतो, आणि तो पचवायला लागणारे लांबरुंद अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) त्याच्यापाशी आहे. उंबर मात्र त्याच्या जिवाचा आधार, कारण बाकीचे रान रिकामे असते तेव्हाही कोठे ना कोठे एखादा उंबर पिकलेला असतो. आपल्या व्हाळाच्या काठी उंबर असेल तर रात्री नऊच्या सुमारास त्याच्याखाली गुपचूप उभे राहून पाहावे. अर्धवट खाल्लेल्या उंबरांचा सडा पडत असताना कानांनीच बरेच कळते.

उंदरासाठी माडाच्या खोडाला पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याची हातभर रुंद पट्टी गुंडाळावी आणि शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या झावळ्या काढाव्यात. दोन माडांच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतील तर पट्टीचा उपयोग होत नाही, हे मी स्वतः एक वर्ष फुकट घालवून शिकलो.

उत्तर — सुगीच्या सावलीत

मी मूळची देवरूखची, सध्या टोकियोत राहते. येथे पाखराचा जवळचा भाऊबंद आहे, त्याचे नाव मुसासाबी. त्याच पेटॉरिस्टा प्रजातीतला, पण वजनाने थोडा हलका, साधारण किलोभराचा. शहराच्या पश्चिमेला ताकाओ नावाचा 599 मीटर उंचीचा डोंगर आहे, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. डोंगरावर याकुओ-इन हे जुने मंदिर असून त्याच्या आवारातले सुगी नावाचे उंच सूचिपर्णी वृक्ष शेकडो वर्षांचे आहेत. देवाच्या जागेतले म्हणून ते टिकले, त्यांना ढोल्या पडल्या, आणि त्या ढोल्यांतून मुसासाबी राहतात. आपल्या देवराईची आठवण आल्यावाचून राहत नाही.

मंदिराच्या परिसरात मुसासाबी पाहण्यासाठी लोक संध्याकाळी जमतात, आणि तेथे शिकलेल्या तीन गोष्टी आपल्या उपयोगी पडतील असे वाटते. पहिली वेळेची. सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने प्राणी ढोलीतून बाहेर येतो, आणि हे इतके नेमाने होते की माहितगार माणसे घड्याळ पाहून सगळ्यांना गप्प बसायला सांगतात. आपण दिवेलागणीनंतर अर्धा तास लिहिले आहे, ते याच्याशी जुळते. दुसरी गोष्ट लेंड्यांची. ढोलीत कोणी राहते की नाही हे ठरवायला ही माणसे दिवसा बुंध्याभोवतीची जमीन पाहतात. मुसासाबीची लेंडी वाटाण्याहून लहान, गोल, गोळीसारखी असते आणि तिच्यात भुशासारखा पाल्याचा चुरा दिसतो. तिसरी खूण मला सर्वांत आवडते. मुसासाबी पान दुमडून मधोमध खातो, त्यामुळे खाली पडलेले पान उघडले की त्यावर दोन्ही बाजूंना सारखीच नक्षी दिसते, लहानपणी आपण कागद घडी घालून कातरायचो तशी. आपल्याकडचे पाखरू असेच करते का, हे आपणच आपल्या आंब्याखाली पाहून सांगावे.

उजेडाबद्दल एक विनंती. येथे बॅटरीला लाल कागद लावतात. आपल्याकडे नाटकाच्या दिव्यांना लावतात तो लाल जिलेटीनचा कागद चालेल. पांढरा झोत डोळ्यांवर पडला की प्राणी थिजतो, आणि झेपेच्या तोंडावर असताना तसे करणे बरे नव्हे.

उत्तर — किंजळ

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. थोडक्यात सांगायचे तर पाखराला घर बांधता येत नाही, ते सापडावे लागते. शेकरू काटक्या-पाने जमवून फांदीच्या बेचक्यात घरटे करते, आणि एकेक शेकरू अशी अनेक घरटी करून ठेवते. एक मोडले तरी दुसरे असते. पाखरू दिवसभर ढोलीत झोपते, ढोलीतच विते, आणि दीड-दोन किलोचा प्राणी पिल्लासह मावेल एवढी ढोली तरण्या झाडाला नसते. सुतारपक्षी आणि तांबट भोके पाडतात ती त्याला पुरत नाहीत. मोठी फांदी वादळात तुटते, जखमेतून पाणी आणि बुरशी आत शिरते, गाभ्याचे लाकूड वर्षानुवर्षे कुजते आणि मग अशी जागा तयार होते. त्या जागेवर धनेशाचा, घुबडाचा, मधमाश्यांचाही डोळा असतो. म्हणून आंबा गेला तर तो शेजारच्या झाडावर जाईल का, याचे उत्तर शेजारच्या झाडांत रिकामी मोठी ढोली आहे का यावर अवलंबून आहे. कोकणात खासगी रान ठरावीक वर्षांनी सरपणासाठी तोडले जाते, आणि फुटव्यावर वाढलेली झाडे मनगटाएवढी-मांडीएवढी होताच पुन्हा तुटतात. त्यामुळे हिरवे रान डोळ्यांना दिसते, पण ढोलीचे झाड राईत किंवा घराच्या मागेच उरते. माझ्या मते आपल्या काकांच्या लहानपणापासून पाखरू तेथेच दिसते याचे कारण हेच असावे.

पिल्लू एका वेळी बहुधा एकच असते. ते जन्मते तेव्हा डोळे मिटलेले आणि अंगावर केस नसलेले असे असते, आणि स्वतः झेपा घेऊ लागेपर्यंत काही महिने आईच्या आधाराने राहते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची एक ढोली जाणे ही लहान गोष्ट नाही. शिवाय आंबा गेल्याने व्हाळावरची वाटही जाईल. तीस पावलांची मोकळी जागा पन्नास फुटांवरून पार होते. तीच वीस फुटांच्या झाडावरून होणार नाही, आणि मग त्याला जमिनीवरून जावे लागेल. जमिनीवर ते सैल कातडे पायांत येते आणि कोणताही कुत्रा त्याला गाठतो.

उत्तर — पाणंद

बंधूंची भीती खोटी ठरवू नये. कौलांवर झाड आलेले मी पाहिले आहे. पण ढोली आहे म्हणून झाड पडेल असे नसते. झाड जिवंत असते ते सालीलगतच्या लाकडावर. गाभा कुजून गेला तरी भोवतीचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल तर पोकळ खोड नळीसारखे भार पेलते. बुंध्याला भेगा आहेत का, मुळांशी बुरशीची छत्रे आली आहेत का, झाड अलीकडे कलू लागले आहे का, हे आधी पाहावे. त्यातले काही नसेल तर घराकडे झुकलेल्या फांद्या पावसाआधी उतरवून भार कमी करणे पुष्कळ वेळा पुरते. फांदी कापताना ढोलीच्या तोंडाला हात लावू नये आणि उपकार म्हणून सिमेंटने ती बुजवू तर मुळीच नये.

आंबा खासगी जागेतला असला तरी तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडे महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्यातल्या यादीत आहेत. पाखरालाही 1972च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कायदा बंधूंना पहिल्यांदाच सांगू नका, असा माझा सल्ला आहे. आधी त्यांना एक संध्याकाळ खळ्यात बसवा.

प्रश्नकर्ता — खळ्यातला

मे महिन्यात दहा दिवस गावी होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. सर्वांचे आभार.

पडलेली नऊ शहाळी गोळा करून पाहिली. सातांना देठाच्या टोपीला लागून भोक होते. दोन इतकी सुकलेली होती की काही ठरवता आले नाही. माडांना पत्रा लावला आहे आणि गुंतलेल्या झावळ्या उतरवल्या आहेत.

आंब्याखालचा पाचोळा बाजूला सारला तेव्हा मुळांच्या बेचक्यात गोल लेंड्या सापडल्या, कोरड्या, तपकिरी, बोटांत चुरल्यावर भुसा व्हावा तशा. दुमडून खाल्लेले पान शोधण्यात दोन सकाळी घालवल्या, परंतु तसे एकही मिळाले नाही. कुरतडलेली पालवी मात्र भरपूर होती, देठासकट तोडून टाकलेली. सलग सहा संध्याकाळी वेळ लिहून ठेवली. पाच वेळा ते सूर्यास्तानंतर सत्तावीस ते चौतीस मिनिटांच्या दरम्यान बाहेर आले आणि एकदा, वळवाचा पाऊस पडून गेला होता त्या दिवशी, पाऊण तासाने.

थोरले बंधू दुसऱ्या दिवशी खळ्यात येऊन बसले, फारसे काही बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच पाडेल्याला बोलावून कौलांवरच्या दोन फांद्या तेवढ्या उतरवून घेतल्या. पाडेल्याने ढोलीच्या खाली हातभर अंतरावरून दोर बांधला होता. वर असताना त्याने आत डोकावण्याची तयारी दाखवली. बंधूंनीच त्याला नको म्हणून सांगितले.

शेवटच्या संध्याकाळी ढोलीतून दोन पाखरे निघाली. मोठे नेहमीप्रमाणे शेंड्यावर गेले आणि बेहड्यावर उतरले. दुसरे आकाराने त्याच्या निम्म्याहून थोडे मोठे असेल. ते शेंड्यापर्यंत चढले, फांदीच्या टोकाशी जाऊन दोनदा अंग पुढे झोकल्यासारखे केले, आणि मागे फिरून बुंध्यावरून उलटे उतरत ढोलीत गेले. आम्ही साडेआठपर्यंत थांबलो. ते पुन्हा बाहेर आले नाही, आणि पलीकडून पहिले पाखरू मधूनमधून ओरडत राहिले.